नवतप्यातलं पॅराप्सिलोसिस

प्रबंधात ‘साहित्य आणि पद्धती’ नावाचं एक प्रकरण असतं. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण वाचलं तर वाटेल, सगळं कसं शिस्तीत पार पडलं. रक्ताच्या नमुन्यातलं यीस्ट वाढवलं गेलं, त्याचा डीएनए काढला गेला, पीसीआर केला गेला, एन्झाइमनं तो कापला गेला, जेलवर पट्ट्या पाहिल्या गेल्या, जात ठरवली गेली. कोणी, कधी, आणि त्या दिवशी फ्रीझर चालू होता का, याचा त्यात पत्ता नाही. तेच प्रकरण इथं कर्त्यासह लिहिते आहे.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात सावंगी (मेघे) लागतं. 1990 साली इथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि शेतांच्या मधोमध वसतिगृहं, औषधांची दुकानं, झेरॉक्सवाले, खाणावळी उभ्या राहिल्या. त्याआधी दवाखाना म्हटला की वर्धेकरांच्या तोंडी सेवाग्राम असायचं. तिथलं महाविद्यालय 1969 चं. आता यवतमाळ-चंद्रपूरकडचे लोकही सावंगीला येतात. मी मात्र पेशंट तपासणारी नव्हते. खोलीभाड्यानं राहून यीस्टच्या जनुकांवर प्रबंध करणारी मुलगी होते, माहेर हिंगणघाट. कुठल्या प्रयोगशाळेत काम केलं ते लिहीत नाही. जिथं काम केलं तिथं मला शिकवायला कोणी कमी पडलं नाही. चुका माझ्या होत्या.

आधी थोडं यीस्टबद्दल सांगते, नाहीतर चुकीची गंमत कळणार नाही. कॅन्डिडा हे यीस्ट आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर एरवी गुपचूप असतं. अशक्त माणसाच्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या, शिरेत नळी घातलेल्या पेशंटच्या रक्तात ते शिरलं तर जिवावर बेततं. रक्तातल्या कॅन्डिडाचा संसर्ग म्हटलं की पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात पहिलं नाव अल्बिकन्सचं. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. देशातल्या 27 आयसीयूंमधले 2011-12 मधले 1400 पेशंट एकत्र पाहिले गेले तेव्हा ट्रॉपिकॅलिस ही जात 41.6 टक्के निघाली आणि अल्बिकन्स त्याच्या निम्म्यावर. जात कळणं गरजेचं, कारण औषध जातीवर ठरतं. क्रुसेई नावाच्या जातीला फ्लुकोनॅझोल मुळात लागूच पडत नाही. ग्लाब्राटाला पडेल याची खात्री नसते. काचपट्टीवर मात्र सगळ्या जाती जवळपास सारख्याच दिसतात, अंडाकृती, एका कडेला कोंब फुटलेला.

म्हणून जनुकं. पावाच्या यीस्टचा संपूर्ण जीनोम 1996 साली वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमधला तो पहिलाच. 16 गुणसूत्रं, सव्वा कोटीच्या आसपास अक्षरं, सहा हजारांच्या घरात जनुकं. अल्बिकन्सचा जीनोम 2004 मध्ये आला. पण जीनोम वाचायचं यंत्र आमच्याकडे कुठलं! आमच्यासाठी गरिबाची पद्धत होती, आणि ती खरोखर उत्तम पद्धत आहे. इराणी आणि जपानी संशोधकांनी 2006 मध्ये ती व्यवस्थित मांडली. यीस्टच्या डीएनएमधला आयटीएस नावाचा एक तुकडा पीसीआरनं वाढवायचा. मग एमएसपी-वन हे एन्झाइम घालायचं. ‘सी-सी-जी-जी’ ही चार अक्षरं जिथं लागोपाठ दिसतील तिथं ते डीएनए कापतं. अल्बिकन्सचा 535 अक्षरांचा तुकडा 297 आणि 238 मध्ये तुटतो. ट्रॉपिकॅलिसचा 524 चा तुकडा 340 आणि 184 मध्ये. ग्लाब्राटाचा 871 चा भलामोठा तुकडा 557 आणि 314 मध्ये. जेलवर पट्ट्या पाहायच्या, तक्त्याशी जुळवायच्या, जात लिहून मोकळं व्हायचं. एक जात तेवढी अपवाद. पॅराप्सिलोसिसच्या 520 अक्षरांच्या तुकड्यात ती चार अक्षरं लागोपाठ नसतातच, म्हणून तो कापला जात नाही. एन्झाइम घालण्यापूर्वी जी पट्टी, तीच नंतरही.

या शेवटच्या दोन वाक्यांवर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

त्या वर्षी बाहेरगावच्या एका रुग्णालयातून नवजात बाळांच्या रक्तातली यीस्टं आमच्याकडे येत होती. त्यांच्याकडे जात ओळखण्याची सोय नव्हती आणि मला प्रबंधासाठी नमुने हवे होते. दोघांचीही सोय. मे संपत आला होता, नवतपा सुरू होता. वर्ध्याचा नवतपा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर, रस्ते दुपारी बाराला ओस, नळाचं पाणी हात पोळेल असं. प्रयोगशाळेतला एसी बंद पडला तेव्हा मी हुशारी करून खिडकीला कूलर बसवून घेतला होता. त्यानं गारवा दिला, आणि आठवडा व्हायच्या आत माझ्या सगळ्या प्लेटांवर हिरवी मखमल उगवली. ओल्या वाळ्यातून येणारी हवा बुरशीचे बीजाणू घेऊन येते हे बुरशीवर प्रबंध करणाऱ्या मुलीला कूलरनं शिकवलं. ती चूक त्या मानानं स्वस्तातली. प्लेटा गेल्या, कूलर गेला, एवढंच.

महागडी चूक एन्झाइमची. ते महाग येतं, बर्फात येतं आणि उणे वीस अंशांवर ठेवावं लागतं. ते पुरावं म्हणून मी दर नळीत सांगितलेल्या मात्रेच्या निम्मंच घालू लागले होते. सुरुवातीला निकाल बरे आले, म्हणून धीर चेपला. पुढं आणखी एक काटकसर केली. प्रत्येक वेळी ओळखीच्या अल्बिकन्सचा एक नमुना सोबत कापायचा असतो. तो 297 आणि 238 वर तुटला, तर एन्झाइम जिवंत आहे असं समजायचं. तो मी घालणं बंद केलं. रोज तोच निकाल येतो, कशाला वाया घालवायचं, असा हिशेब.

त्या आठवड्यात बाळांचे नमुने एकगठ्ठा केले. जेलचा फोटो काढला. एक सोडून सगळ्या नमुन्यांची एकच पट्टी, पाचशे-सव्वापाचशेच्या आसपास, न कापलेली. माझे हात थरथरले, आणि तो आनंद होता हे आज कबूल करायला लाज वाटते. कारण मी वाचलेलं डोक्यात होतं. पॅराप्सिलोसिस ही हातांवरून पसरणारी जात. कर्मचाऱ्यांच्या हातांवर असते, सलाइनच्या नळ्यांना चिकटते, नवजात कक्षात साथ आणते. चंडीगडच्या पीजीआयमध्ये 1996 ते 1998 दरम्यान पिकिया अनोमाला या एरवी कोणी न ऐकलेल्या यीस्टनं 379 बाळांना आणि मुलांना गाठलं होतं. डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध मला जवळजवळ पाठ होता. कर्मचाऱ्यांच्या हातांवर यीस्ट सापडणं, हात धुण्याची मोहीम, साथ आटोक्यात येणं. आता विदर्भातली साथ मी शोधली होती. मनातल्या मनात निबंधाचं शीर्षकही ठरलं.

आणि तो एक नमुना? त्याची पट्टी 870 च्या आसपास होती. तक्त्यात अशी कापलेली पट्टी कोणत्याच जातीची नाही. मी वहीत त्याच्यापुढं लिहिलं, ‘प्रक्रिया अयशस्वी, पुन्हा करणे.’ ती पट्टी न कापलेल्या ग्लाब्राटाची होती. त्या पूर्ण जेलवर तो एकटा नमुना ओरडून सांगत होता की एन्झाइमनं काहीच कापलेलं नाही. बाकीच्यांबद्दल गैरसमज होऊ शकत होता, कारण न कापलेलं अल्बिकन्स 535 चं, न कापलेलं ट्रॉपिकॅलिस 524 चं आणि खरं पॅराप्सिलोसिस 520 चं, आणि साध्या अगारोज जेलवर हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण 871 आणि 557 मधला फरक आंधळ्यालाही दिसावा. मला तो दिसला आणि मी त्या नमुन्यालाच नापास केलं.

त्याहून वाईट म्हणजे पुरावा टेबलावरच पडलेला होता. त्याच नमुन्यांच्या रंगीत माध्यमावरच्या प्लेटा माझ्याकडे होत्या. त्या माध्यमावर अल्बिकन्स हिरवं उगवतं, ट्रॉपिकॅलिस निळं, पॅराप्सिलोसिस फिकट. माझ्या प्लेटांवर हिरवं होतं, निळंही होतं. मी स्वतःला काय समजावलं, तर माध्यम जुनं झालं असेल, रंगांवर कोण विसंबतं, आणि डीएनए काय खोटं बोलतो? प्लेट ही म्हाताऱ्यांची पद्धत, जेल ही आमची. जेलचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तसतसा माझा विश्वास वाढत गेला. एखादी पट्टी कितीही मोठी केली तरी ती का कापली गेली नाही हे ती सांगत नाही, एवढं साधं कळायला नको?

मी त्या रुग्णालयात फोन केला. तेव्हाच्या माझ्या आवाजातला रुबाब आठवला की आजही कान गरम होतात. “सर, तुमच्या नवजात कक्षात पॅराप्सिलोसिसची साथ आहे. स्टाफचे हात तपासून घ्या.” ते सज्जन होते, त्यांनी विश्वास ठेवला. हातांचे स्वॅब घेतले गेले. सिस्टरांच्या अंगठ्या, बांगड्या निघाल्या. एका आयाबाईंना त्या कक्षातून दुसरीकडं हलवलं, कारण त्यांच्या नखांच्या कडांना चीर होती. बाळांची औषधं मात्र बदलली गेली नाहीत. त्यांचं नशीब, आणि माझंही.

ही चूक पकडली ती एका पदव्युत्तर विद्यार्थ्यानं, आणि तीही न ठरवता. त्याला जर्म ट्यूबची चाचणी शिकायची होती. यीस्ट थोड्या सीरममध्ये कालवून 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवायचं. अल्बिकन्स असेल तर पेशीतून सरळ लांब नळी फुटते, बुडाशी न आवळलेली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसालाही करता आली असती अशी चाचणी. सरावासाठी त्यानं माझ्याच ‘पॅराप्सिलोसिस’च्या प्लेटा घेतल्या, आणि धावत आला. “मॅडम, यात तर जर्म ट्यूब आहे!” मी म्हणाले, “जास्त वेळ ठेवलं असेल.” त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग मी खाली बसले. वही काढली, फ्रीझरची नोंद पाहिली. नोंदच नव्हती, कारण तापमान लिहायचं काम माझं होतं आणि मी महिन्याभराच्या नोंदी एकदम लिहायचे. आमचे अटेंडंट भाऊ तिथं फरशी पुसत होते. सहज विचारलं, “भाऊ, मागच्या आठवड्यात लाईन गेली होती का हो?”

“गेली होती नं, म्याडम. शनवारी रातीच बटन पडलं होतं त्या खोलीचं. सोमवारी सकाळी आलो तवा म्या वर केलं. तुमाले कोनी सांगतलं नाही का?”

कोणी सांगायचं? त्यांना मी त्याआधी कधी काही विचारलंच नव्हतं. शनिवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत नवतप्याची खोली, बंद फ्रीझर, आत एन्झाइम, आणि वर माझी निम्मी मात्रा. नवं एन्झाइम मागवून, पूर्ण मात्रा घालून, ओळखीचा अल्बिकन्स सोबत ठेवून सगळं पुन्हा केलं तेव्हा खरी यादी आली. बरीचशी ट्रॉपिकॅलिस, काही अल्बिकन्स, एक ग्लाब्राटा. पॅराप्सिलोसिस एकही नाही.

दुसरा फोन पहिल्यापेक्षा बराच लहान होता. डॉक्टर म्हणाले, “ठीक आहे, हात धुतले गेले हे काय वाईट झालं?” मोठ्या मनाचे होते. पण त्या आयाबाईंना मी कधी भेटले नाही. त्यांना परत त्या कक्षात घेतलं का, हेही विचारलं नाही. मी माफी मागितली ती डॉक्टरांची, म्हणजे ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांची. या लेखातल्या भरून न निघणाऱ्या चुकांपैकी ती एक आहे.

यानंतरची चूक हसण्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात. अल्बिकन्समध्ये फ्लुकोनॅझोलला दाद न देण्याचं एक कारण ईआरजी-11 या जनुकातले बदल हे असतं. हे औषध त्याच जनुकातून तयार होणाऱ्या प्रथिनावर घाव घालतं. आमचे काही नमुने वाचनासाठी बाहेर पाठवले, अक्षरं आली, संगणकावर त्यांचं प्रथिनात भाषांतर केलं आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक नमुन्यात 263 व्या जागेवर सेरीनऐवजी ल्युसीन आहे! विदर्भातला खास बदल! मी भित्तिपत्रक केलं, परिषदेत लावलं, समोर उभी राहिले. दक्षिणेकडचे एक वयस्क प्राध्यापक आले, चष्मा वर करून वाचलं आणि मृदू आवाजात विचारलं, “तक्ता बारा वापरला होता ना?”

बहुतेक सजीवांमध्ये ‘सी-टी-जी’ या तीन अक्षरांचा अर्थ ल्युसीन. कॅन्डिडाच्या अल्बिकन्ससारख्या अनेक जातींमध्ये मात्र सेरीन. सृष्टीत जवळजवळ सगळीकडं एकच चालणाऱ्या जनुकीय लिपीला या यीस्टांनी दिलेला हा चकवा आहे, आणि त्यासाठी संगणकात वेगळा तक्ता निवडावा लागतो, क्रमांक बारा. मी पहिलाच ठेवला होता, तो निवडलेला येतो म्हणून. माझा ‘खास बदल’ जगातल्या प्रत्येक अल्बिकन्समध्ये आहे. भित्तिपत्रक दुपारच्या जेवणाआधीच गुंडाळलं. आयोजकांना सांगितलं, गाडी आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जनुकं सोडा आणि प्लेटेवर विश्वास ठेवा. मलाही काही काळ तसंच वाटू लागलं होतं. जेलनं पोळलेली मी यंत्रावर आणि डोळ्यावर जास्त विसंबू लागले. त्याच काळात आयसीयूतल्या एका मोठ्या माणसाच्या रक्तात पावाचं यीस्ट वाढलं, सॅकरोमायसिस. मी म्हणाले, हे बाहेरचं. कोणाच्या तरी डब्यातून, हवेतून बाटलीत पडलं. रिपोर्टमध्ये ‘दूषित नमुना’. दुसऱ्या दिवशीच्या बाटलीतही तेच. तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी मला एकच प्रश्न विचारला, “पेशंटला जुलाबावर काय चालू आहे?” चालू होत्या त्या पुड्या, बोलार्डी यीस्टच्या. त्या पलंगाशेजारीच फोडून नाकातल्या नळीतून देत होते, आणि मानेतल्या शिरेची नळी तिथून वीतभर अंतरावर. हे बोलार्डी जनुकांनी पाहिलं तर पावाचंच यीस्ट आहे, त्याच जातीचा एक वाण. ते पोटात उपयोगी, रक्तात घातक, आणि अशा घटना जगभर नोंदलेल्या आहेत. पुड्या बंद केल्या, नळी बदलली, औषध दिलं, माणूस बरा झाला. सरांचा प्रश्न आला नसता तर माझ्या ‘दूषित’ या शिक्क्यानं त्या पेशंटचे आणखी काही दिवस खाल्ले असते.

आणि आता ती चूक, जिची दुरुस्ती होऊच शकत नाही.

काही नमुने असे होते की ते कुठंच बसत नव्हते. रंगीत माध्यमावर फिकट गुलाबीसर, जर्म ट्यूब नाही, फ्लुकोनॅझोलच्या चकतीभोवती मोकळी जागा नाही, चकतीला भिडून वाढलेले. आपोआप ओळख पटवणारं एक यंत्र बाहेर वापरायला मिळालं, त्यानं त्यांना हेम्युलोनी नाव दिलं. मी ते नाव लिहिलं. संख्या थोडी, प्रबंधात एक ओळ. 2013 च्या सुरुवातीला प्रबंध बांधून झाला, फ्रीझरमध्ये जागा हवी होती, पुढच्या मुलीला तिचे नमुने ठेवायचे होते. मी त्या सगळ्या कुप्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, 121 अंश, शिस्तीत. घरी येऊन आईला म्हणाले, सुटले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. दिल्लीतल्या दोन रुग्णालयांतले 12 पेशंट, त्यांच्या रक्तात कॅन्डिडा ऑरिस. जपानमध्ये 2009 साली एका वृद्धेच्या कानातून पहिल्यांदा वर्णन झालेली ही जात. फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. आणि यंत्रं तिला हमखास काय समजतात? हेम्युलोनी. जनुकांची अक्षरं वाचल्याशिवाय ती पकडता आली नव्हती.

मी निबंध वाचत होते आणि डोळ्यांसमोर त्या कुप्या येत होत्या. त्या ऑरिसच होत्या असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण तपासायला काही उरलेलं नाही. दोन्ही जाती वेगळ्या करायची अगदी घरगुती खूणही आहे. ऑरिस 42 अंशांनाही वाढतं, हेम्युलोनी वाढत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात तर त्यासाठी इनक्युबेटरही लागला नसता. पण वाढवायला जंतू हवा ना.

इतरांनी काय केलं ते पाहा. दक्षिण कोरियात 1996 सालचा एक रक्तातला नमुना कोणीतरी जपून ठेवला होता. ऑरिसचं वर्णन झाल्यावर त्याची अक्षरं वाचली आणि तो ऑरिस निघाला, नाव मिळण्याच्या तेरा वर्षं आधीचा. वर ज्या 27 आयसीयूंचा उल्लेख केला, त्यांतली यीस्टं चंडीगडला एका ठिकाणी जमा झाली होती. त्यांत 74 ऑरिस निघाली, 27 पैकी 19 आयसीयूंमधली. म्हणजे 2011-12 मध्ये, मी इथं ‘हेम्युलोनी’ लिहीत होते तेव्हा, ते देशभर पसरलेलं होतं. 2017 मध्ये पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलातल्या पेशंटांच्या ऑरिसचे संपूर्ण जीनोम शेजारी ठेवून पाहिले गेले. जवळजवळ एकाच सुमारास जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चार वेगळी घराणी उगवली होती. एका घराण्यात फरक नगण्य, दोन घराण्यांत हजारो अक्षरांचा. एकाच ठिकाणाहून विमानात बसून ते जगभर गेलं, हा सोपा अंदाज तिथंच मोडला. पुढं डॉ. चौधरींच्याच गटानं अंदमानच्या किनाऱ्यावर, खाऱ्या दलदलीत आणि वाळूत ते शोधून काढलं. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरश्यांची पहिली यादी काढली, तिच्यात सर्वांत वरच्या गटातल्या चार नावांपैकी एक ऑरिस. या सगळ्या शोधकथेत विदर्भाचे 2012 चे नमुने कदाचित एखादा छोटासा ठिपका झाले असते. कदाचित नसतेही. तो प्रश्न मी 121 अंशांवर उकडून टाकला.

नावं तर नंतरही बदलतच राहिली. क्रुसेईला आता पिकिया म्हणतात, ग्लाब्राटाला नाकासेओमायसेस, आणि ऑरिसलाही 2024 मध्ये कॅन्डिडातून उचलून नव्या घरात ठेवलं. माझ्या प्रबंधातल्या तक्त्यातली निम्मी नावं आज जुनी आहेत. त्याचं मला दुःख नाही. नावाशेजारी कुपीचा क्रमांक असता तर कोणीही ती कुपी उघडून नवं नाव लिहिलं असतं. माझ्या तक्त्यात क्रमांक आहेत. कुप्या नाहीत.

आता मी मुलांना शिकवते. त्यांनी विकत घेतलेल्या एन्झाइमचा हिशेब मी मागत नाही. सोबतच्या ओळखीच्या नमुन्याची पट्टी कुठं आहे ते विचारते. ती नसेल तर जेल बघत नाही. जो नमुना ‘अयशस्वी’ ठरवला असेल तो आधी दाखवा म्हणते, बाकीचे मागाहून. काही मुलं कंटाळतात. एकदा एकानं तोंडावर विचारलं, “मॅडम, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?” मी म्हणाले, “तुझ्यावर आहे. फ्रीझरवर नाही.” लाईन गेली तर कळवायची जबाबदारी मी भाऊंवर टाकली नाही, दाराला वही टांगली आणि सकाळी पहिल्यांदा मीच त्यात तापमान लिहिते. सुट्टीच्या दिवशी चुकते कधी कधी. रविवारची जागा रिकामी सोडते, अंदाजानं भरत नाही.

वाचकांपैकी कोणाचं माणूस आयसीयूत असेल आणि रिपोर्टवर नुसतं ‘यीस्ट वाढलं’ किंवा ‘कॅन्डिडा, अल्बिकन्सव्यतिरिक्त’ एवढंच लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : जात कोणती, कोणतं औषध लागू पडतं ते तपासलं का, आणि जुलाबासाठी यीस्टच्या पुड्या चालू आहेत का. याचा राग कोणी चांगला डॉक्टर धरत नाही. आणि तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत असाल, तर रक्तातून आलेलं कोणतंही यीस्ट, नाव पटो न पटो, वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे सत्तरवर ठेवा. जागा नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाठवा. पण ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.